आजची माहिती

फळ्याचे दोन भाग.
डावीकडे भरती-ओहोटीच्या वेळा,
उजवीकडे, रेघेपलीकडे, जगातलं काहीही.
मिठबावकर गुरुजींनी सव्वीस वर्षं हा फळा लिहिला
वाचनालयाच्या ओट्यावर, स्टुलावर उभं राहून.
खडू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा रुमालात.
खारी हवा. अक्षर संध्याकाळपर्यंत फुगायचं.

मोतीबिंदूनंतर खडू माझ्याकडे आला.
आणि वह्या. अकरा.
मजकूर निळा, समासात लाल शाईने
कुठून मिळालं, कधी मिळालं,
आणि खात्री नसेल तिथे बारीकसं "म्हणतात".

पाचव्या वहीत:
हेलियम आधी सूर्यात सापडला.
पृथ्वीवर हाती लागायला आणखी सत्तावीस वर्षं गेली.
त्या ग्रहणाला आपल्या विजयदुर्गाच्या कट्ट्यावरून
साहेबाने दुर्बीण रोखली होती, म्हणतात.

गावाने शेवटचा शब्द वाचलाच नाही.
सूर्यातलो वायू आमचो, असं म्हणत
दोन दिवस माणसं जेटीवर जरा ताठ चालली.
तिसऱ्या दिवशी गुरुजींनी फक्त तेवढाच शब्द लिहिला,
फळाभर.
लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.

एकदा लिहिलं: माकुलाला तीन हृदयं असतात.
द्वारकाबाई कोयंडे टोपली डोक्यावर घेऊन थांबली.
ती अक्षरं एकेक करून वाचते, पायरीवर पाय ठेवल्यासारखी.
"तीन?" म्हणाली,
"आणि एकान पण सांगूक नाय त्येका, जाळा इला म्हणान."
टोपलीत दोन किलो माकूल होती.
भाव तिने उतरवला नाही.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीत कैदेत होता,
तिथेच वारला, परत गेला नाही.
त्यावर तिचा एकच प्रश्न:
"जेवक काय घालीत त्येका?"
गुरुजींनी तीन पत्रं पाठवली, एकदा एसटीने स्वतः जाऊन आले.
समासात लाल शाई: माहिती मिळाली नाही.
आणि खाली, वेगळ्या दिवशीच्या अक्षरात:
विचारायला हवं होतं. मला सुचलं नाही.

सोमवार थोर व्यक्तींचा.
जन्म, मृत्यू, कार्य. सव्वीस वर्षांचे सोमवार.
त्यातल्या एका सोमवारचं पान असं आहे:
नाव: रेघ.
जन्म: रेघ.
मृत्यू: रेघ.
कार्य: सड्यावर, जिथे आपली गुरं चरतात,
कातळात कोरलेला एक मासा.

मी गेलो होतो बघायला, एप्रिलात, चप्पल भाजत होती.
मासा आहे. शेपटीकडे हात थोडा चुकलाय,
आणि चुकलेली रेघ तशीच पुढे नेलीय,
कारण कातळ पुसता येत नाही.

माझा पहिला आठवडा.
मी घोटून लिहिलं: सूर्याचा उजेड
आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो.
खाली छोटा सूर्यही काढला. पिवळा खडू नवा होता.
द्वारकाबाई आली, थांबली, वाचत राहिली.
मी ओट्यावर उभा, शाबासकीची वाट बघत.
"चुकलंय," म्हणाली.
मी वही उघडली. आकडा बरोबर होता.
"ता न्हय रे. तो उजेड येवंदे कदी येवचो तेवा."
बोट डावीकडे.
"ओहोटी साडेधाक नाय. साडेअकराक.
तुझ्या ह्या फळ्यार इसवासान बाबल होडी काढीत,
नि रुतात गाळात."

कालचं पंचांग बघून लिहिलं होतं मी.

स्टूल घेतलं. एक आकडा पुसला, दुसरा लिहिला,
हात थरथरला म्हणून एक जाड आला, एक बारीक.
ती टोपली सावरून निघालीही होती.
उजवीकडचं काहीच बदलावं लागलं नाही.
सूर्य होता तिथेच होता, पिवळा,
एका बाजूने फुगायला लागलेला.